पर्सनल ब्रँडिंगच्या नावाखाली मी कशी फसले, पैसे देण्याआधी हे वाचा

मी हाताने वह्या बांधते. फर्मे दुमडायचे, दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं, पुठ्ठा चढवायचा, एवढाच धंदा, तोही एकटीचा. ऑर्डरी तोंडोतोंडी यायच्या, बरं चाललं होतं. पण जो भेटेल तो सांगायचा की आता लोक नुसती वस्तू घेत नाहीत, माणूस बघून घेतात, तुझा चेहरा दिसला पाहिजे. त्यात खोटं काहीच नाही हो, म्हणूनच तर फसले.

एका पर्सनल ब्रँडिंगवाल्याचा मेसेज आला. फोनवर माणूस इतका गोड की विचारू नका, मॅम तुमच्यात स्टोरी आहे, आपण ती एकदम ऑथेंटिक बाहेर आणू, तुम्ही फक्त काम करा, बाकी सगळं आमच्यावर सोडा. 'बाकी आमच्यावर सोडा' म्हणाला तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. नव्वद दिवसांत इन्स्टाग्रामवर दहा हजार फॉलोअर्स, ब्लू टिक, ऑनलाइन न्यूज पोर्टलवर लेख आणि स्वतःची वेबसाइट, असं पॅकेज. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. भरले.

आधी त्यांनी एक फॉर्म पाठवला, त्यात प्रश्न होता की हे काम घरात कोण करायचं. मी खरं तेच लिहिलं, कोणी नाही, व्हिडिओ बघून शिकले, पहिली दोन वर्षं वहीचा कणा वाकडाच यायचा. आठवड्याने पोस्ट आली, माझा फोटो आणि खाली 'आजोबांच्या खरबरीत हातांनी मला पहिला टाका शिकवला'. माझे आजोबा क्लार्क होते आणि ते गेले तेव्हा मी दोन वर्षांची! फोन केला तर म्हणतो, मॅम हे स्टोरीटेलिंग आहे, इमोशनल कनेक्ट लागतो, सगळेच करतात. आणि मी गप्प बसले, कारण तोपर्यंतचे सगळ्यात जास्त लाईक त्याच पोस्टला होते. ही चूक माझीच, लपवत नाही.

फॉलोअर्स नऊ हजारांवर गेले खरे, पण पोस्टला लाईक पंधरा-वीस, आणि ऑर्डर? एकही नाही. एका रात्री मी इनसाइट्स, म्हणजे अकाउंटची आकडेवारी, उघडून बघितलं तर निम्म्याहून जास्त लोक अशा देशांतले जिथे मी आजवर एक पार्सल पाठवलेलं नाही. प्रोफाइलं उघडली तर फोटो नाही, पोस्ट नाही, नावात नुसते आकडे. विकत घेतलेली गर्दी. असले लाईक-फॉलो आम्ही काढून टाकणार हे इन्स्टाग्रामने २०१८ मध्येच जाहीर केलं होतं, म्हणजे ते आज ना उद्या गळणारच होते, फक्त तोवर ह्यांचं पॅकेज संपलेलं असणार. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून धंद्यासाठी खोटे फॉलोअर्स विकणारा आणि माहीत असून घेणारा, दोघांनाही नियमाने बंदी आहे. हे वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला, कारण त्या रात्रीनंतर मलाही माहीत होतं की.

ब्लू टिकचं तर हसूच येतं. पूर्वी ती नावाजलेल्या लोकांना मिळायची, पण २०२३ पासून इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचं, मेटाचं, 'मेटा व्हेरिफाइड' हे मासिक सबस्क्रिप्शन निघालंय, अटींत बसलात तर ओळखपत्र देऊन, दरमहा पैसे भरून स्वतःच घेता येते, आणि भरणं थांबलं की जाते. ह्यांनी त्याचे 'आमची आतली ओळख आहे' म्हणून वेगळे पैसे घेतले. आणि तो लेख, त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं की मजकूर प्रायोजित आहे, संपादकीय विभागाचा संबंध नाही.

हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, 'ताई, माझेही आजोबा बाइंडर होते, तुमच्या आजोबांच्या दाभणाचा एखादा फोटो टाका ना.' अर्धा तास मोबाईल हातात धरून बसले होते. मग सगळं खरं लिहून पाठवलं, आणि त्याच दिवशी एजन्सीला सांगितलं की काम बंद करा, अकाउंट माझ्या ताब्यात द्या.

तिथे खरा खेळ कळला. इन्स्टाग्रामचं अकाउंट त्यांच्या ईमेलवर आणि त्यांच्या नंबरवर उघडलेलं, त्यामुळे पासवर्ड रीसेट करायला गेले की कोड त्यांच्याकडे जातो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, माझ्या नावाचं पण रजिस्ट्रेशन त्यांच्या नावावर, आणि करारात पान चारवर ओळ की तयार झालेली सर्व डिजिटल मालमत्ता एजन्सीची. परत हवी तर 'हँडओव्हर चार्ज', तो अख्ख्या पॅकेजएवढा. माझं नाव, माझा चेहरा, माझे हात, आणि ते मीच विकत घ्यायचे!

म्हणून कोणाला काम देणारच असाल तर अकाउंट आणि डोमेन आधी स्वतःच्या ईमेलवर स्वतः उघडा, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड, आपल्याच फोनवर ठेवा, बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड द्यायची गरजच नसते, मेटाच्या बिझनेस सेटिंगमधून दुसऱ्याला लागेल तेवढाच अॅक्सेस देता येतो आणि एका मिनिटात काढताही येतो. आणि जो फॉलोअर्सचा आकडा लेखी देतो त्याला विचारा हे लोक येणार कुठून. उत्तराआधी तो किती वेळ गप्प बसतो ते बघा.

मी नवीन अकाउंट उघडलंय, तिथे पहिला फोटो वाकड्या कण्याच्या वहीचा आहे. जुन्यावर अजून दर मंगळवारी आजोबांचा वारसा चालू असतो, खोटी ओळख म्हणून रिपोर्ट केलंय, अजून काही झालेलं नाही. डोमेन त्यांनी एका वर्षासाठीच घेतलंय, पण डॉट कॉम संपल्यावर लगेच मोकळं होत नाही, डोमेन विकणाऱ्या कंपनीने ते रद्द केल्यावरही ३० दिवसांचा रिडेम्पशनचा काळ असतो, त्यात जुना मालक परत घेऊ शकतो. तारीख कॅलेंडरात लिहून ठेवलीय.