लम्पीची नुकसानभरपाई: रक्कम ठीक, अडतं ते बिल्ल्यावर

२०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यात लम्पीची, म्हणजे गुरांच्या त्वचारोगाची, साथ आधी आपल्या जळगाव जिल्ह्यातच, रावेर तालुक्यात दिसली. मग सरकारी भरपाई म्हणून दगावलेल्या दुभत्या गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये ठरले. एवढ्यात चांगली दुभती गाय येत नाही, पण पैसे थेट खात्यात येतात, हे मोलाचं. काम अडतं ते जनावराच्या कानातल्या नंबरच्या बिल्ल्यावर. त्यावरच्या बारा अंकांतला एक जरी पंचनाम्यात चुकला तरी कागद परत. म्हणून ढोर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, बिल्ला दिसेल असा फोटो काढा, पंचनाम्यावरचा नंबर स्वतः ताडून बघा. घाईत पुरलं की पुरावाच जातो. आणि खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर रक्कमही लटकते.