हिमोग्लोबिन की कार्बोनिक अॅनहायड्रेज: प्रकल्पाला काय घ्याल?

श्वसनावर प्रकल्प करायचा म्हटलं की बहुतेक विद्यार्थी डोळे झाकून हिमोग्लोबिन घेतात. विषय ऑक्सिजनचा असेल तर ठीकच. पण कार्बन डायऑक्साइडच्या वहनावर काम करायचं असेल, तर माझं मत कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकरालाच (एन्झाइमलाच).

ऊतींकडून फुफ्फुसांकडे निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7 टक्के प्लाझ्मात विरघळून जातो, 20 ते 25 टक्के हिमोग्लोबिनला जोडला जातो आणि 70 टक्क्यांच्या आसपास बायकार्बोनेट होऊन जातो. हा सर्वांत मोठा वाटा लाल रक्तपेशीतल्या या विकराच्या भरवशावर चालतो. कार्बन डायऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया विकराशिवायही होते, पण तिला काही सेकंद लागतात. रक्तपेशी मात्र फुफ्फुसाच्या केशवाहिनीतून पाऊण सेकंदात पार होते, आणि तेवढ्यात बायकार्बोनेटचा पुन्हा वायू व्हायला हवा! विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे 10 लाख रेणू उरकतो. त्याच्या गाभ्यात हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या तीन घटकांनी धरलेला जस्ताचा एकच अणू असतो. त्याला चिकटलेलं पाणी प्रोटॉन सोडतं, मागे उरलेला हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइडला गाठतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. इतक्या साध्या मांडणीतून इतका वेग येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हिमोग्लोबिनशिवाय हे काम निभत नाही, हेही खरं. सुटलेले प्रोटॉन तेच टिपतं. ऑक्सिजन सोडल्यावर ते कार्बन डायऑक्साइड जास्त धरतं. हा हॅल्डेन परिणाम 1914 पासून माहीत आहे. वाचायला साहित्यही उदंड.

प्रयोगात मात्र विकर सरळ पुढे जातं. किंचित अल्कधर्मी, बर्फगार बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ब्रोमोथायमॉल ब्लू हा आम्लता दाखवणारा रंगदर्शक घाला, वर कार्बन डायऑक्साइडने संपृक्त केलेलं गार पाणी ओता आणि निळ्याचं पिवळं व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. विकर घातलं की रंग झपाट्याने पालटतो. सोबत या विकराला रोखणारं अॅसिटाझोलामाइड हे औषध असेल तर पुन्हा रेंगाळतो. हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन-वियोजन वक्र (कोणत्या दाबाला ते किती ऑक्सिजन धरतं याचा आलेख) काढायचा तर ऑक्सिजनचा दाब काटेकोर सांभाळावा लागतो, वर स्पेक्ट्रोफोटोमीटरही हवा.

उंचावरच्या प्राण्यांची तुलना करणार असाल, तर मात्र हिमोग्लोबिनच घ्या. हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंब या हंसाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरतं, आणि तिथे खरा प्रश्न ऑक्सिजनचाच असतो.

विकर निवडलंत आणि रक्त हाताळायची परवानगी नसेल, तर गाईच्या रक्तपेशींतून शुद्ध केलेलं कार्बोनिक अॅनहायड्रेज जैवरसायनांच्या पुरवठादारांकडे तयार मिळतं.