चार बाजूंचा तोल : लेड झेपेलिनचा ‘फिजिकल ग्राफिटी’

ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी, गेले तीन रविवार मी लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा १९७५ सालचा ‘फिजिकल ग्राफिटी’ हा दुहेरी अल्बम तबकड्यांवर, चारही बाजू क्रमाने लावून ऐकला. दुहेरी अल्बममध्ये भरतीची गाणी असतात, ही तक्रार बहुतेक वेळा खरी ठरते. इथे तर तिला पुरेपूर वाव होता, कारण नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आठ गाणी एका तबकडीत मावेनात म्हणून आधीच्या अल्बमांच्या वेळी बाजूला राहिलेली सात गाणी त्यांत मिसळण्यात आली. तरीही सांधा कुठे जाणवत नाही, आणि याचे श्रेय मी गाण्यांच्या क्रमाला देतो. पहिली बाजू अकरा मिनिटांच्या ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’ने संपते. दुसरी संपते ‘काश्मीर’ने, ज्यात ड्रमचा ठेका चारच्या मापात ठाम चालत असताना गिटार तीनच्या मापात वर चढत राहते, आणि ते थांबल्यावर पुढची तबकडी लावण्याआधी थोडा वेळ शांत बसावेसे वाटते. हा विराम रचनेचाच भाग आहे. मोबाइलवर सलग ऐकताना तो हरवतो. तिसरी बाजू मला सर्वांत प्रिय आहे, विशेषतः ‘टेन इयर्स गॉन’मधले एकावर एक रचलेले गिटारचे थर. चौथी बाजू तुलनेने सैल आहे. ‘बूगी विथ स्टू’ वगळायला हवे होते, असे पहिल्या रविवारी वाटले. आता मात्र तिसऱ्या बाजूच्या भारानंतर त्याची मोकळी लय मला हवीशी वाटते.