इस्तंबूलमध्ये ‘निजामीचं जुनं पान’ विकत घेताय? थांबा!

१,१५० युरो. कार्डावर पडले १,०७,४६२ रुपये. तेवढ्यात मिळालं काय, तर वारसाहक्काच्या नियमांचं एक जुनं अरबी पान आणि त्यावर हल्लीच कुणीतरी रंगवलेली शिरीन, बाराव्या शतकातल्या निजामी या फारसी कवीची नायिका.

बायाझित मशिदीजवळचा जुना पुस्तकबाजार, त्यामागचं दुकान. तळ्यात न्हाणारी शिरीन, घोड्यावरून बघणारा तिचा प्रियकर खुस्रो. “निजामीचा खम्सा, सफावी काळ,” दुकानदार म्हणाला. खम्सा म्हणजे निजामीच्या पाच दीर्घकाव्यांचा संग्रह, सफावी हे सोळाव्या ते अठराव्या शतकातलं इराणचं राजघराणं. सुटं पान कसं, हे मी विचारलं होतं, अगदीच बावळट नाही मी! त्यानं सफावी बादशहा शाह तहमास्पच्या शाहनाम्याची (इराणी राजांच्या महाकाव्याच्या सचित्र पोथीची) कथा ऐकवली. २५८ चित्रांची ती पोथी अमेरिकन संग्राहक आर्थर हॉटननं १९५९ मध्ये घेतली आणि पुढे पानं सुटी केली. हे खरं आहे, हीच तर मेख. खरी गोष्ट सांगून खोटा माल गळ्यात मारला.

कागदाचं वय दाखवायला त्यानं स्वतःच पान दिव्यासमोर धरलं. घोड्याच्या पोटात अक्षरं दिसली. “मागचा मजकूर आहे.” अहो, मागचा मजकूर आरशातल्यासारखा उलटा दिसतो! ही ओळ सुलटी होती, चित्राबाहेरून सरळ घोड्यात शिरत होती. लिहिलेल्या पानावरच चित्र चढवलेलं. आणि मी मान डोलावली. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

खम्सा मसनवीत, म्हणजे यमकी द्विपदींत, लिहिलेला. प्रत्येक बैताचे (द्विपदीचे) दोन मिसरे (चरण), म्हणून पान उभ्या रकान्यांत आखतात, खम्सात बहुधा चार. इथं मजकूर या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग. पण लिपी न येणाऱ्या माणसानं हे ओळखायचं कसं? पुण्यात फारसी शिकवणाऱ्या ओळखीच्या सरांनी वाचलं तेव्हा कळलं.

किडीच्या भोकात रंग उतरलेला दिसला, म्हणजे चित्र कीड लागल्यानंतरचं, तर तिथूनच उठा. तुर्की बिल फोनवर भाषांतर करून वाचा. माझ्या बिलावर ‘शोभेची वस्तू’ लिहिलं होतं, सतरावं शतक फक्त प्रमाणपत्रावर!

तिथले पोलीस म्हणाले, पान प्राचीन असेल तर देशाबाहेर नेणं हाच गुन्हा, नसेल तर तक्रार कसली? इथल्या चौकीत, “आमच्या हद्दीत नाही.” बँक म्हणे पिन तुम्हीच टाकलात, माल मिळाला, तक्रार बंद. पुन्हा भांडलो तर आता नकली असल्याचा तज्ज्ञाचा दाखला हवाय. पांढऱ्यात टायटॅनियम सापडलं की विसाव्या शतकाआधीचा रंग नव्हे हे सिद्ध होतं, पण त्या तपासणीचे १८,००० सांगितलेत. आणि दाखला आणला तरी पैसे परत मिळतीलच असं नाही, हे मात्र बँकेनं न मागता लेखी कळवलंय.