मिठाची पुडी किती दिवस जाते?

पाचपैकी चार स्टार. मी एसटीचा रिटायर ड्रायव्हर, तासगाव तालुक्यातला. हे स्टार गावच्या आरोग्य उपकेंद्राला, तिथं सहा महिने जातोय. पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय, पण आम्ही उपकेंद्रच म्हणतो. तिथल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीएस्सी नर्सिंग झालेल्या, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर.

तीस वर्षांपुढच्यांची तपासणी चाललीय म्हणून आशाताईंनी ओढून नेलं. मी तंबाखू थुंकून थेट हात पुढे केला. सिस्टर म्हणाल्या, "काका, अर्धा तास थांबा. तंबाखू खाऊन बीपी खरं येत नाही." मग पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवलं. आलं १५६/९४. दोन दिवसांनी परत बोलावलं, तरी तेवढंच. मग पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांकडं पाठवून गोळी सुरू केली.

शहरात याआधी एका दवाखान्यात दोन मिनिटांत "मीठ कमी करा" ऐकून आलो होतो. किती कमी, हे कुणी सांगावं? सिस्टरांनी उलट मलाच विचारलं, "घरात माणसं किती? मिठाची किलोची पुडी किती दिवस जाते?" माहिती मंडळींना. चार माणसं, पंचवीस दिवस. सिस्टरांनी कागदावर मांडलं: माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना २०. पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. मंडळी भांडल्या, "भाजी धुवायला पण लागतं की!" सिस्टर हसल्या, "बरं काकू, धुवायचं वेगळ्या डब्यात काढा, मग बघू." ताटात वरून मीठ वाढायचं बंद झालं, लोणचं एक फोड. आता पुडी चाळीस दिवसांवर गेलीय. लोणच्याचा हिशोब मी अजून दिलेला नाही.

तंबाखूचंही तसंच. "सोडा" म्हणाल्याच नाहीत. दिवसातून किती वेळा मळता, त्यातली कुठली सोडायला सोपी, एवढंच. मी म्हटलं, रात्रीची. आठवरून तीनवर आलोय. मंडळींची मिश्री मात्र जागची हललेली नाही, त्या सिस्टरांना चहा पाजून विषय बदलतात.

मिरजेला नर्सिंगला असलेली पुतणी म्हणाली, "आम्हाला हेच शिकवतात, नाना. १९८६ ला कॅनडात ओटावाला आरोग्याची जागतिक परिषद झाली, तिच्या सनदेत आहे. आपल्या तब्येतीची सूत्रं माणसाच्याच हातात यावीत. म्हणून आम्ही नर्सनी त्याला मदत करायची." ओटावा कुठं, आमचं गाव कुठं! पण पुडीचा हिशोब मला पटला.

एक स्टार कापला तो दोन कारणांनी. महिन्याच्या गोळ्या म्हणून जावं तर कधी पंधराच मिळतात. आणि भिंतीवरच्या आहाराच्या तक्त्यात सफरचंद नि ब्रोकोली आहे, द्राक्षाच्या गावात! सिस्टरांना सांगितलं, तर म्हणाल्या, "तक्ता वरून येतो काका." मग खाली पेननं शेवगा नि मेथी लिहिली.

लसीकरणाच्या दिवशी जाऊ नका, पोरांच्या रडण्यात बीपी वाढतं. खुर्च्याही चारच आहेत.