फुकट ऑडिओबुक निवडताना आधी कान लावा

फुकट ऑडिओबुक कुठे मिळतील असं विचारलं, की लोक चार-पाच नावं एका दमात सांगून मोकळे होतात. कुठलं कशासाठी, ते मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न एकच: ऐकायचंय ते जुनं आहे की नवं?

जुन्यासाठी लिब्रिव्हॉक्स. २००५ पासून चालू असलेला हा स्वयंसेवकांचा उद्योग. अमेरिकेत कॉपीराइट संपलेली पुस्तकं लोक घरी बसून मोठ्यानं वाचतात, रेकॉर्ड करतात आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्कही सोडून देतात. खातं नको, कार्ड नको, परत करायची मुदत नाही. फाइल उतरवून घेतली की ती तुमचीच. अडचण आवाजाची. इथं वाचकाची निवडचाचणी होत नाही, त्यामुळे एखादा आवाज ऐकत राहावा असा, तर दुसरा पाच मिनिटांतच नकोसा. शिवाय बरीच पुस्तकं अनेकांनी मिळून वाचलेली असतात. नायकाशी ओळख होते न होते तोच पुढच्या प्रकरणात वाचणारा बदलतो. शोधताना एकाच वाचकाची, म्हणजे ‘सोलो’, आवृत्ती निवडता येते. ती सोय आधी वापरा.

नवं पुस्तक तिथं शोधू नका, मिळणार नाही. त्यासाठी लिबी, म्हणजे ग्रंथालयाची पुस्तकं फोनवर उसनी देणारं ॲप. व्यावसायिक निवेदक, स्वच्छ ध्वनी. पण या सेवेशी जोडलेल्या ग्रंथालयाचं कार्ड हवं. प्रती डिजिटल असल्या तरी परवाने मोजकेच, त्यामुळे गाजलेल्या पुस्तकाला रांग लागते आणि मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. हूपला ही तशीच दुसरी सेवा. तिथं सहसा रांग नसते, पण महिन्याला किती पुस्तकं घ्यायची ते ग्रंथालय ठरवतं, आणि ही सेवा मोजक्याच देशांत आहे.

धार्मिक अभिजात ग्रंथांचं गणित जरा निराळं. ते जुने, म्हणून फुकट भरपूर. पण जे फुकट असतं ते बहुधा जुनं भाषांतर असतं. ख्रिस्ती संत ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’ हे आत्मकथन मूळ लॅटिन, इंग्रजीत फुकट मिळतं ते बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातल्या पल्लेदार वाक्यांत. वाचताना मागं वळता येतं, ऐकताना धागा सुटतो. जॉन बन्यननं १६७८ साली ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ ही ख्रिस्ती रूपककथा इंग्रजीतच लिहिली, ती त्या मानानं कानाला सोपी. गीतेचा एडविन आर्नल्डनं केलेला १८८५चा पद्यानुवाद ऐकायला गोड, पण श्लोकाचा नेमका अर्थ लावायला बसाल तर पद्याची ओढ आड येते.

बायबलचंही तसंच. लिब्रिव्हॉक्सवर १६११ची किंग जेम्स ही इंग्रजी प्रत सहज सापडते. कॉपीराइट असलेली अलीकडची भाषांतरं तिथं नसतात. त्यांच्यासाठी बायबल ऐकवणारं ‘बायबल डॉट इज’ हे संकेतस्थळ बरं. भाषा हजाराहून अधिक, आणि बऱ्याच ध्वनिमुद्रणांत पात्रागणिक वेगळे आवाज, पार्श्वसंगीत. लहान मुलांना ते आवडेल. मला स्वतःला स्तोत्राच्या मागं वाद्यं नकोशी होतात. साधं वाचन असेल तर मी तेच घेतो.

यंत्राच्या आवाजाचाही पर्याय आहे. जुनी पुस्तकं फुकट देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळानं २०२३ साली मायक्रोसॉफ्टबरोबर सुमारे ५,००० पुस्तकं कृत्रिम आवाजात आणली. अडखळणं नाही, खाकरणं नाही. माहितीपर पुस्तकाला ठीक. प्रार्थनेला मात्र माणूसच हवा.

‘पहिला महिना मोफत’वाल्या सेवा मी या यादीत धरतच नाही. एकदा कार्डाचा नंबर दिला, विसरलो, आणि दुसऱ्या महिन्याला पैसे गेले. यूट्यूबवर विनापरवाना चढवलेली पुस्तकं अर्ध्यावर असतानाच गायब होतात, तेही सोडा.

एकाच ग्रंथाची दोन-तीन वाचनं सापडली, तर प्रत्येकाचं मधलं एखादं प्रकरण लावून बघा. पहिल्या प्रकरणात सगळेच जपून वाचतात. थॉमस अ केम्पिसचं ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’ मी असंच निवडलं. ठेवलं ते किंचित घोगऱ्या, संथ आवाजातलं. मधूनच पान उलटल्याचा आवाज येतो त्यात.