जिप्सम बोर्डचं पार्टिशन, सात-आठ महिने वापरल्यावर

मोठ्या खोलीचे दोन भाग करायला जिप्सम बोर्डचं पार्टिशन टाकलं त्याला आता सात-आठ महिने झालेत. भिंत चांगली निघाली, परत गरज पडली तर परत हीच करेन, पण कोटेशन वेगळ्या पद्धतीने मागेन एवढं नक्की. ह्या कामात बोर्ड मारणं सगळ्यात सोपं आणि भराभर होणारं, सकाळी सांगाडा आणि संध्याकाळी भिंत उभी, आपण खुश, आणि कोटेशनमध्येही नेमकं तेवढंच ठळक लिहिलेलं असतं. नंतर रोज डोळ्यासमोर राहतं ते जॉइंटचं काम, आणि रोज जाणवतं ते बोर्ड बंद करायच्या आधी आत काय टाकलं ते. त्या दोन्हींबद्दल आमच्या कागदावर एक ओळ पण नव्हती. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सांगाड्याचं थोडक्यात. खाली फरशीला आणि वर स्लॅबला पत्र्याचे चॅनेल, त्यात पत्र्याचेच उभे खांब म्हणजे स्टड, दोन्ही बाजूंनी १२.५ मिमीचे बोर्ड (मधे जिप्सम, वर दोन्हीकडे कागद). स्टड २४ इंचांवर लावतात नाहीतर १६ इंचांवर, कारण ४ फुटी बोर्डाला दोन्ही बरोबर भागतात. १६ वर लावले तर भिंत टणक होते, हात मारला तर लवत नाही, पण पत्रा जास्त लागतो म्हणून कोणी स्वतःहून सुचवणार नाही. आमचे २४ वर आहेत, चालतात, फक्त मुलं बॉल मारतात तेव्हा दोन स्टडच्या मधली जागा ढोल वाजल्यासारखी वाजते. ८ बाय ४ चा बोर्ड २५ किलोच्या आसपास भरतो, आणि वजनापेक्षा भीती वाकून मोडायची, त्यामुळे दोघांनी उभा धरूनच न्यायचा. कापायला मात्र करवत लागत नाही, समोरचा कागद कटरने चिरला, मागून दाब दिला की जिप्सम सरळ रेषेत मोडतं, मग मागचा कागद कापायचा. बघायला मजा येते.

बोर्ड मारताना तीन गोष्टी बघा, नंतर बघून उपयोग नाही. एक म्हणजे स्क्रू. त्याचं डोकं कागदाच्या पातळीपेक्षा जरासं आत गेलं पाहिजे पण कागद फाटता कामा नये, कागद फाटला की तो स्क्रू नुसता भुकटीत बसलेला असतो, पकड काही नाही. तपासायला पुट्टीचा पत्रा भिंतीवरून सपाट फिरवायचा, टिक असा आवाज आला की ते डोकं वर राहिलंय. दुसरं, बोर्ड फरशीला टेकवायचा नाही, खाली १० मिमी तरी फट ठेवायची, ती स्कर्टिंगने झाकली जाते. फरशी पुसताना पाणी लागलं की जिप्सम ते वर ओढून घेतं, आणि मग खालचा कागद फुगून त्याचे पापुद्रे निघतात.

तिसरी गोष्ट दरवाज्याची, आणि ही आमच्याकडे फारच स्पष्ट कळली. दरवाज्याच्या वरच्या कोपऱ्यात बोर्डाचा जॉइंट येऊ द्यायचा नसतो. बोर्ड अखंड घेऊन त्यातून एल आकाराचा तुकडा कापायचा, म्हणजे जॉइंट दरवाज्याच्या वर मधोमध कुठेतरी जातो. आमच्या पार्टिशनच्या एका बाजूला कारागिराने तसं केलं, दुसऱ्या बाजूला बहुतेक तुकडा वाचवायला चौकटीच्या रेषेतच जॉइंट घेतला. भिंत तीच, दरवाजा तोच, आपटणारी मंडळी तीच. पहिल्या बाजूला आजही काही नाही आणि दुसऱ्या बाजूला दोनेक महिन्यांत कोपऱ्यातून वर स्लॅबपर्यंत केसासारखा तडा. कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवला तर म्हणे बिल्डिंग सेटल होत असेल. बिल्डिंग काय एकाच बाजूने सेटल होते का राव!

आता जॉइंट, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. बोर्डाच्या लांब कडा थोड्या उतरत्या असतात, दोन बोर्ड शेजारी आले की मधे उथळ खळगा तयार होतो आणि टेप नि कंपाउंड (जॉइंट भरायची पुट्टी) त्यात बसून भिंत सपाट राहते. पण बोर्डाच्या आखूड कडांना किंवा कापलेल्या कडांना हा उतार नसतो, तिथे जे काही लावाल ते वरच चढणार, म्हणून तिथे कंपाउंड फूट-दीड फूट रुंद पसरवून फुगवटा डोळ्याला कळणार नाही असा करावा लागतो. आमची उंची ९ फूट, बोर्ड ८ फुटी. म्हणजे वर सगळ्या लांबीभर एक फुटाची पट्टी आणि तिच्याखाली आडवा, बिनउताराचा जॉइंट, दोन्ही बाजूंना. लांब बोर्ड मिळतात, १० फुटी घेतले असते तर हा जॉइंट झालाच नसता. हे कोणी आधी बोललं नाही. तुमची उंची ८ च्या वर असेल तर बोर्ड किती लांबीचा आणणार हा पहिला प्रश्न विचारा.

टेप दोन प्रकारची. कागदी आणि जाळीची. जाळीची चिकट असते, पटकन लागते म्हणून कारागिरांना आवडते, पण तिच्यावर पहिला हात, म्हणजे थर, पावडरवाल्या कंपाउंडचा पाहिजे, म्हणजे जे पाण्यात कालवल्यावर प्लॅस्टरसारखं स्वतः घट्ट होतं ते. बादलीतलं तयार कंपाउंड नुसतं सुकून कडक होतं, जाळीखाली ते कमजोर पडतं. कागदी टेप ओल्या कंपाउंडमध्ये बसवावी लागते, सराव नसेल तर खाली हवा राहून फुगे येतात, पण नीट बसली तर तडा जास्त अडवते आणि आतल्या कोपऱ्यात मधोमध दुमडून सरळ रेषेत बसते. मी आता जी दुरुस्ती केली ती सगळी कागदीने केली.

कंपाउंडचे कमीत कमी तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, आणि तयार कंपाउंड असेल तर दोन हातांच्या मधे साधारण एक दिवस, दमट हवा असेल तर त्याहून जास्त. म्हणून कोणी दोन दिवसांत रंगासकट करून देतो म्हणाला तर कुठलं कंपाउंड वापरणार ते विचारा. पावडरवालं काही मिनिटांत नाहीतर तास-दीड तासात सेट होतं, त्याने शक्य आहे, पण ते घासायला फार कडक. ओल्यावरच पुढचा हात मारला तर आतलं नंतर आकसतं आणि जॉइंटची रेष खोल जाते. आमच्याकडे तसंच झालं असावं असा माझा संशय आहे. तिसरा हात मारला तेव्हा मी विचारलं पण होतं की खालचं अजून गडद दिसतंय, ओलं नाही का, तर उत्तर आलं, "दादा, रंग लागला की काही दिसत नाय."

दिसतं. रात्री मोठा दिवा बंद करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, प्रत्येक चुकार फटकारा आणि स्क्रूवरचा प्रत्येक खड्डा सावली टाकतो. आमचा तो आडवा जॉइंट टॉर्चमध्ये लांबलचक उशीसारखा दिसतो. दिवसा दिसत नाही, पण संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की जाणवतो. आणि एकदा नजरेस पडला की मग तोच दिसत राहतो. टॉर्चची ही तपासणी रंगाच्या आधी कारागीर समोर असताना करायची असते. प्राइमरही मागून घ्या, कारण सुकलेलं कंपाउंड आणि बोर्डाचा कागद रंग वेगवेगळा शोषतात, प्राइमरशिवाय थेट रंग मारला तर सगळे जॉइंट मंद पट्ट्यांसारखे उमटतात.

फिनिशिंगच्या पातळ्या ठरलेल्या आहेत हे मला नंतर कळलं. अमेरिकेतल्या जिप्सम असोसिएशनने ० ते ५ अशा लेव्हल केल्यात. ० म्हणजे नुसता बोर्ड मारलेला, ४ म्हणजे टेपवर वेगवेगळे हात देऊन घासून साध्या मॅट रंगाला तयार, आणि ५ म्हणजे वर अख्ख्या भिंतीवर पातळ थर ओढलेला. चकचकीत रंग लावणार असाल किंवा भिंतीवर बाजूने उजेड पडणार असेल तर ५ पाहिजे. आमच्याकडे बाजूलाच खिडकी, म्हणजे आम्हाला ५ लागत होतं, आणि मिळालं ते उदारपणे मोजलं तर साडेतीन.

आवाजाचं सांगायचं तर आत काही न भरता एकेक बोर्ड मारलेल्या पार्टिशनमधून बोलणं कळतं, अपेक्षा ठेवू नका. रॉकवूल (आवाज अडवायला भरतात ती लोकरीसारखी गादी) आत आहे की नाही ते बोर्ड बंद व्हायच्या आधी स्वतः बघा. आमच्यात आहे, तरी एका ठिकाणाहून फोनवरचं संभाषण स्वच्छ यायचं. शोधलं तर दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून एकाच जागी, म्हणजे तिथे भिंत नव्हतीच, दोन प्लास्टिकच्या डब्या होत्या फक्त. डबीच्या भोवतीची फट आणि स्कर्टिंगच्या मागची फट सीलंटने भरली, बराच फरक पडला. बोर्ड एका बाजूला डबल करायची सोय आहे अजून, वरच्या थराचे जॉइंट खालच्यांवर न आणता, पण सध्या तेवढी गरज वाटत नाही.

वजन टांगायचं म्हटलं तर घड्याळ, फोटो वगैरे स्क्रूसाठी भिंतीत बसवायच्या प्लगवर राहतं. शेल्फसाठी मागे पंख उघडणारा टॉगल लागतो. टीव्ही किंवा किचनच्या कपाटासारखं जड काही असेल तर आत स्टडच्या मधे प्लायवूड आधीच टाकून घ्या आणि बोर्ड बंद करायच्या आधी मोजायची टेप शेजारी धरून फोटो काढून ठेवा, त्या फोटोंनी माझा खूप वेळ वाचवला, लोहचुंबक घेऊन स्क्रू शोधत बसावं लागलं नाही.

दुरुस्ती मात्र ह्या भिंतीचा मोठा प्लस पॉइंट. दरवाज्याच्या हँडलने मागे भोक पाडलं होतं, मुठीएवढं. ते मी असं बुजवलं: भोक कापून चौकोनी केलं, मग बोर्डाचा त्याहून चहूबाजूंनी दीड-दोन इंच मोठा तुकडा घेतला, मागून चिरून कडेचं जिप्सम सोलून काढलं पण समोरचा कागद तसाच ठेवला. झाला चौकोनी ठोकळा आणि त्याला चारी बाजूंनी कागदाची झालर. भोकाभोवती कंपाउंड लावून ठोकळा आत बसवला, झालर पत्र्याने दाबली, तीच टेपचं काम करते. नंतर दोन पातळ हात, घासणं, प्राइमर. आज मलाच शोधावं लागतं. भोक ह्याहून बरंच मोठं असेल तर आत लाकडी पट्ट्या स्क्रूने धरून त्यावर तुकडा मारायचा. आणि दरवाज्याच्या मागे स्टॉपर बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

स्क्रूची डोकी दोन-तीन ठिकाणी पुटकुळीसारखी वर आली. तीच परत आत दाबून वर पुट्टी फासली तर परत येतात. शेजारी दीड इंचावर नवा स्क्रू स्टडमध्ये मारायचा, बोर्ड घट्ट बसला की जुना काढून टाकायचा आणि मग दोन्ही भोकं भरायची. दरवाज्यावरच्या तड्यालाही नुसती पुट्टी चालत नाही, चीर थोडी मोठी करून, सुटी झालेली टेप कापून काढून, नवीन टेप लावूनच. घासताना मास्क घाला, ती भुकटी अतिशय बारीक असते, शेजारच्या खोलीतल्या कपाटाच्या आतसुद्धा जाते. मी शेवटी ओला स्पंज वापरायला लागलो, फिनिश थोडं कमी येतं पण घर वाचतं.

बाथरूमला लागून असलेल्या भागात हिरवा, ओलावा सोसणारा बोर्ड लावलाय. सोसणारा म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे हं. शॉवरच्या आत टाइल्सच्या मागे सिमेंट बोर्डच पाहिजे. पाण्याने फुगून मऊ पडलेला बोर्ड असेल तर आधी गळती बंद करायची आणि तेवढा भाग कापूनच काढायचा, वर रंग मारला की आत बुरशी धरते.

दराबद्दल. स्क्वेअर फुटाचा दर सांगतात तेव्हा भिंत एकदा मोजली की दोन्ही बाजू वेगवेगळ्या, हे आधी विचारा, दोन कोटेशन त्याच्याशिवाय जुळवताच येत नाहीत. दरवाज्या-खिडकीची जागा वजा होते का, कोपऱ्याच्या धातूच्या पट्ट्या रनिंग फुटाने वेगळ्या लावणार का, रॉकवूल, प्लायवूड, प्राइमर, स्विचच्या डब्यांचं कटिंग, मलबा उचलणं कोणाकडे, सगळं लिहून घ्या. माल स्वतः आणणार असाल तर हिशोब सोपा: १२ बाय ८ ची भिंत दोन्ही बाजूंनी १९२ स्क्वेअर फूट, एका बोर्डात ३२, म्हणजे ६ बोर्ड, पण तुकडे जातात म्हणून १० टक्के धरून ७ आणा. बोर्ड तसा स्वस्त असतो, पैसे मजुरीत जातात, आणि मजुरीतही मोठा वेळ टेप, हात आणि घासण्याचा. त्यामुळे एखादं कोटेशन फारच कमी असेल तर कपात बहुतेक तिथेच झालेली असते. मी आता "लेव्हल ४" किंवा "लेव्हल ५, प्राइमरनंतर टॉर्चने तपासून" असं लिहूनच मागतो आणि शेवटचा हप्ता त्या तपासणीनंतर. एक जण हे ऐकून परत आलाच नाही, एकाने दर वाढवला पण किती दिवस लागतील ते कोरडं होण्याच्या वेळेसकट सांगितलं. दुसऱ्या खोलीचं काम त्यालाच देतोय. छोट्या दुरुस्तीचा दर मात्र फुटावर काढू नका, हातभर जागेलाही माणसाला प्रत्येक हातासाठी परत यावं लागतं, तो उक्तीच रक्कम सांगणार आणि त्यात लबाडी काही नाही.

उरलेला माल ठेवताना, बोर्ड सपाट जागेवर आडवा ठेवा, भिंतीला टेकवला की बाक येतो. बादलीतलं कंपाउंड वर प्लास्टिक दाबून झाकण लावलं तर काही महिने टिकतं. पावडरची उघडलेली पिशवी मात्र दमट हवेत खड्यांनी भरते, ती दुरुस्तीपुरती लहानच आणा.